एका ओळीची जागा

माझ्या शिकवणीत एक धडा असा आहे की तो आला की निम्मी मुलं पुढच्या आठवड्यात येत नाहीत. तोवर सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असतं. बेरजा होतात, पाढे छापून येतात, स्क्रीनवर स्वतःचं नाव दहा वेळा उमटलं की पोरं खूश होऊन फोटो काढतात. मग मी फळ्यावर 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' असे दोन शब्द लिहिते आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात.

इंद्रपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानावर जिना चढून गेलं की माझी खोली लागते. सहा कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू. मी मूळची नागपूरची, लग्न होऊन भोपाळला आले, सरकारी कचेरीत बरीच वर्षं जुन्या भाषांतले प्रोग्राम लिहिले आणि मुदतीआधीच नोकरी सोडून इथे पायथन शिकवायला बसले. पायथन ही कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. सोपी आहे असं सगळे म्हणतात, आणि त्या धड्यापर्यंत ती खरंच सोपी आहे.

पुस्तकांत हा धडा कुत्र्यामांजरांवर शिकवतात. कुत्रा नावाचा क्लास, त्याला भुंकता येतं, वगैरे. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. एकदा रश्मी नावाच्या मुलीनं वही मिटली आणि मला विचारलं, "मॅम, कुत्ता भौंकता है ये तो हमें पहले से पता है. इसमें सीखना क्या है?" तिचं म्हणणं मला पटलं. मी कुत्री-मांजरं सोडून दिली.

आमच्या भागात कुत्र्यापेक्षा जास्त ओळखीची गोष्ट म्हणजे कारखाना. पिपलानीची क्वार्टर्स, इंद्रपुरी, सोनागिरी, सगळीकडे घरात कुणी ना कुणी कारखान्यात आहे किंवा होतं. म्हणून मी सांगायला लागले की क्लास म्हणजे ड्रॉइंग आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या ड्रॉइंगवरून बनवलेला एकेक नग, कारखान्याच्या भाषेत जॉब. ड्रॉइंग एकच असतं, कागदावर असतं, ते काही फिरत नाही की तापत नाही. त्यावरून दहा जॉब बनले की प्रत्येकाचं वजन वेगळं, प्रत्येकावरचा ओरखडा वेगळा. आणि प्रत्येक जॉबला 'हे माझं' म्हणायची सोय हवी, तो शब्द म्हणजे सेल्फ. माझं नाव, माझं वजन. सरकारी शाळेतले एक दुबेजी माझ्याकडे शिकायला यायचे, ते हा शब्द लिहायला तयारच नसत. "मैडम, बार-बार मेरा-मेरा करना शोभा नहीं देता," म्हणायचे. त्यांचा एकही प्रोग्राम शेवटपर्यंत चालला नाही, पण माणूस मोठा गोड होता.

आता हे सगळं फोनला विचारलं की तो लिहून देतो. मुलं कमी झाली आहेत. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं. ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, कारण ऐकणारा म्हणणार, यात तुझं काय चुकलं? चुकलं काहीच नाही. सगळं बरोबर केलं, आणि रडायला येतं ते त्याचंच.

वामनराव ठोंबरे माझ्याकडे आले तेव्हा सत्तरीचे होते. कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन सोनागिरीत घर बांधून राहिलेले. जिना चढून आले, दारात चपला सरळ एका रेषेत काढल्या आणि बगलेतला लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. लॅपटॉप मुलीनं, माधुरीनं, बंगळुरूहून पाठवलेला.

"मॅडम, मला एक चीज बनवायची आहे. शिकवाल का? बिलकुल सुरुवातीपासून."

मला वाटलं नातवासाठी खेळ-बिळ असेल. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची बायको सुमन, टाउनशिपमधल्या शाळेत प्राथमिकच्या बाई होत्या. तीनेक वर्षांपासून त्यांची आठवण जात चालली होती. आता माणसं ओळखू येत नव्हती. पण वाचता येत होतं. समोर आलेलं काहीही त्या मोठ्यानं वाचत, दुकानांच्या पाट्या, बसच्या पाठीवरच्या जाहिराती, बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक छापलेलं.

"वाचलेलं तिला खरं वाटतं, मॅडम. मी सांगितलेलं नाही वाटत. मी म्हणतो, अगं मी तुझा नवरा, तर ती म्हणते, भाऊ, तुम्ही बसा, ते ड्यूटीवरून येतीलच." इथे ते थांबले आणि टेबलावरचा माझा खडू उचलून परत ठेवला. "एक बटन दाबलं की माणसाचं नाव मोठ्या अक्षरात यावं, खाली नातं यावं, आणि त्या माणसाच्या आठवणी याव्यात. ती वाचेल. मग तिला पटेल."

मी विचारलं, वहीत का नाही लिहीत? तर वही करून झाली होती. सुमनताईंनी मुलांच्या उत्तरपत्रिका समजून लाल पेनानं तपासून पानं फाडून गठ्ठा बांधून ठेवला होता. मग मी म्हटलं, मी अर्ध्या तासात करून देते तुम्हाला, शिकायची काय गरज? त्यावर त्यांनी मान हलवली. "स्वतः केलेला जॉब असला की कुठे ढिला आहे ते कळतं. तिची तब्येत बदलत राहणार. दर वेळी तुमच्याकडे कुठे धावू?"

असा विद्यार्थी मिळाला की शिकवणारा माजतो. मीही माजले. रोज सकाळी अकराला ते यायचे. शेजारच्या सक्सेनाभाभी तासभर सुमनताईंजवळ बसायच्या, तेवढाच वेळ त्यांच्याकडे असायचा. एका बोटानं टाइप करायचे, पण एकदा टाइप केलेलं अक्षर खोडावं लागायचं नाही. क्लासचा धडा आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे ड्रॉइंग आणि जॉब सांगितलं, तर ते पुढचं माझ्याआधीच बोलले. "मतलब, 'माणूस' हे एक ड्रॉइंग. माधुरी एक जॉब, सुमनचा भाऊ एक जॉब, सक्सेनाभाभी एक जॉब. साचा तोच, नंबर वेगळे." मी वर्गातल्या बाकीच्या पोरांकडे असं काही पाहिलं की पोरं माना खाली घालून बसली.

नाव आणि नातं ठेवायचं त्यांना जमलं. एक दाबलं की स्वतः ठोंबरेजी, दोन दाबलं की माधुरी, तीन भाऊ, चार वर्ध्याची बहीण, पाच सक्सेनाभाभी. राहिली होती आठवणींची यादी. तेवढ्यात माझ्या पुतणीचं लग्न निघालं आणि मी दहा दिवसांसाठी नागपूरला गेले. जाताना त्यांना यादी कशी बनवतात ते दाखवलं. ती क्लासमध्ये नेमकी कुठे ठेवायची हे सांगायचं राहिलं. आल्यावर सांगू म्हटलं.

परत आले त्या दिवशी ठोंबरेजींचा फोन. "मॅडम, चालू झालं. घरी या, बघा."

सोनागिरीतलं त्यांचं घर लहान, पण दारं-खिडक्या अशा बसवलेल्या की कुठेही करकर नाही. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, समोर खुर्चीत सुमनताई. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी, आणि शाळेत बसावं तशी ताठ पाठ. मला पाहून त्या म्हणाल्या, "पालक का? बसा." मी बसले.

मग त्यांनी ठोंबरेजींकडे बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

ठोंबरेजींनी एकचं बटन दाबलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव आलं. खाली नातं, नवरा. आणि त्याखाली एक लांबलचक यादी. सुमनताई स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"वर्ध्याच्या मैदानावर तुला सायकल शिकवली. पडलीस तेव्हा गुडघ्याला हळद लावली." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही होता का ते?" ठोंबरेजी नुसतं हसले. त्या पुढे वाचू लागल्या. "तुझ्यासाठी रोज दुपारी कैरीचं पन्हं आणते. दहावीपर्यंत तू माझ्या वेण्या घातल्यास." इथे त्या थांबल्या, त्यांनी ठोंबरेजींच्या टकलाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. ठोंबरेजीही हसले. हसता हसता सुमनताईंनी हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "इतकं केलंत माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, घरातलेच आहात."

मी पाहत होते स्क्रीनकडे. सायकल भावानं शिकवलेली. पन्हं सक्सेनाभाभींचं. वेण्या माधुरीच्या. सगळ्यांच्या आठवणी एका यादीत येऊन पडल्या होत्या, आणि ही चूक मला डोळे मिटूनही ओळखता आली असती. नवशिका हमखास हीच करतो. आठवणींची रिकामी यादी त्यांनी क्लासच्या अगदी वर, सगळ्यांच्या सामाईक जागेत लिहिली होती. खरं तर ती आतल्या भागात लिहायची, जो भाग प्रत्येक नवं माणूस बनताना एकदा चालतो. तिथे लिहिली की प्रत्येकाला आपापली यादी मिळते. वर लिहिली की पाचही जणांत मिळून एकच यादी, कुणीही काही टाकलं तरी सगळ्यांकडे दिसणार.

चूक दिसली की माझी बोटं थांबत नाहीत. नोकरीत या गुणासाठी माझं नाव होतं. मी म्हटलं, "ठोंबरेजी, एक ओळ चुकीच्या जागी आहे. दोन मिनिटं द्या." आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

ते म्हणाले, "राहू द्या न मॅडम, चहा घ्या आधी."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या माणसाला दाराची बिजागरी करकरलेली चालत नाही तो चूक राहू द्या म्हणतोय. नंतर त्यांनीच मला सांगितलं की आपल्या नावाखाली आपण काहीच भरलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. यादी कुठून आली ते त्यांनी उघडून पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात चुकीचं चालणारं यंत्र त्यांनी पहिल्यांदाच न उघडता चालू ठेवलं होतं, पाच दिवस.

पण मी चहाची वाट पाहणारी नव्हते. ओळ वरून काढली, आत नेली, पुढे सेल्फ लावलं. आणि वर त्यांना शिकवलंही. "तुम्ही जॉबचा नंबर जॉबवर न ठोकता ड्रॉइंगवर ठोकलात. मग तो सगळ्याच जॉबवर येणार की."

"बराबर आहे," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "नंबर ड्रॉइंगवर मारला मी."

सुमनताईंचा हात अजून त्यांच्या मनगटावर होता. मी मोठ्या रुबाबात एकचं बटन दाबलं.

"वामन ठोंबरे," त्यांनी वाचलं. "नातं, नवरा." मग त्या थांबल्या. खाली पांढरी, मोकळी स्क्रीन. त्यांनी थोडी वाट पाहिली, धडा अडलेल्या मुलाची पाहावी तशी. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पुढे? यांचं काहीच नाही का?" आणि हात काढून घेतला.

मी उगाच दोन, तीन दाबून दाखवलं. माधुरीच्या वेण्या माधुरीकडे, सायकल भावाकडे, सगळं जिथल्या तिथे. माझं काम बिनचूक झालं होतं. ठोंबरेजी चहा करायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले तेव्हा मी त्यांच्या आधीच बोलून टाकलं. म्हटलं, मी ती ओळ परत वर नेऊन ठेवते. कुणाचं काय बिघडतं?

"नाही मॅडम. काल सांगितलं नसतंत तर चाललं असतं. आता माहीत झालंय. माहीत असून चुकीचा जॉब पुढे नाही ढकलता येत." त्यांनी लॅपटॉप उघडला. "माझं मी भरतो. भरायला पाहिजेच होतं."

"मग आधी का नाही भरलंत? सगळ्यांचं भरलंत की."

"सगळ्यांना फोन करून विचारलं. माधुरीला विचारलं, साळ्याला विचारलं. माझं कोणाला विचारू? तिलाच माहीत होतं." मग म्हणाले, "आणि बसलो होतो एक दिवस लिहायला. काही सुचलं नाही."

सुचलं नाही हे खोटं नव्हतं. त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस ते माझ्या खोलीत खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसत आणि एकही अक्षर टाइप न करता तास संपे. बाकी पोरं तोवर दोन-दोन धडे पुढे गेलेली असत. कधी मला सांगत. आयुष्य पाळ्यांत गेलं, मॅडम. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. ती शाळेतून यायची तेव्हा मी निघायचो. तिनं माझ्यासाठी केलेलं विचाराल तर पानं भरतील. मी तिच्यासाठी काय केलं ते आठवतोय. मोठा तलाव बघायला जाऊ म्हणायची, मी म्हणायचो रिटायर झाल्यावर जाऊ. रिटायर झालो, घर बांधण्यात काही वर्षं गेली आणि मग हे सुरू झालं.

मला त्यांच्याकडे पाहवेना. मी म्हटलं, थोडं इकडंतिकडचं लिहा, कोण तपासणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तसं बोलले नाही.

मग एक दिवस एक ओळ आली. 'तुझ्या शाळेच्या घंटेचा लोलक तुटला होता, तो मी घरी आणून नीट करून दिला.' चार दिवसांनी दुसरी. 'तुला टायफॉइड झाला तेव्हा सलग रजा घेऊन पेज केली. एकदा करपली.' मग त्यांनी माधुरीला फोन करून विचारलं, आणि माधुरीनं आठवून सांगितलं की आईच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही पाळी बदलून आला होता, मागे उभे होता, आणि आईनं मंचावरून तुम्हाला पाहिलं होतं. हे त्यांना आठवतही नव्हतं. ते लिहिताना त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. हिवाळा सरेपर्यंत अकरा ओळी झाल्या. अकराही खऱ्या. प्रत्येक ओळ आपल्या जागी, त्यांच्याच यादीत.

शेवटची ओळ झाली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सोनागिरीला गेले. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेले. ती स्क्रीन मला भरलेली बघायची होती, त्याशिवाय मला सुटका नव्हती.

सुमनताई त्याच खुर्चीत होत्या. पाठ मात्र आता वाकली होती. ठोंबरेजींनी एक दाबलं. नाव आलं, नातं आलं, खाली अकरा ओळी. सुमनताई बघत राहिल्या. ओठ हलले. "वा," त्या म्हणाल्या. मग बोटानं पुढचं अक्षर शोधलं, "म," आणि पुढे त्यांना जोडता येईना. परत "वा" म्हणाल्या. मग बोट टेबलावर ठेवून शांत बसल्या.

ठोंबरेजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंधरा दिवस झाले. सुटी सुटी अक्षरं येतात फक्त."

त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस हे माहीत असून ते रोज अकराला येऊन लिहीत होते. त्या पंधरा दिवसांतल्या तीन ओळी तरी मला माहीत होत्या.

मला वाटलं आता लॅपटॉप मिटतील. त्यांनी खुर्ची ओढली, सुमनताईंच्या शेजारी बसले, आणि स्वतः वाचायला लागले. वाचायची सवय नसलेल्या माणसासारखं, ओळीवर बोट ठेवून. घंटेचा लोलक. टायफॉइड आणि करपलेली पेज. स्नेहसंमेलनात मागे उभं राहिलेलं. सुमनताई मान तिरकी करून ऐकत होत्या. एकदा त्यांनी 'करपली' या शब्दावर हसून मान हलवली. अकरावी ओळ संपली तेव्हा ठोंबरेजींनी ओळीवरचं बोट काढलं.

सुमनताई ठोंबरेजींकडे वळल्या. परक्या माणसाला आदरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चांगला माणूस दिसतो, भाऊ. कुठे असतो आता?"

ठोंबरेजींनी लॅपटॉप हळूच मिटला.

"ड्यूटीवर गेलाय," ते म्हणाले. "येईल."

"बरं," सुमनताई म्हणाल्या, आणि खुर्ची दाराकडे वळवून घेऊन त्याची वाट पाहत बसल्या.